कॉटेजवरची मोटरबोट कोण चालवू शकतं?

उन्हाळा आला की टोरांटो-मिसिसागाकडची मराठी मंडळी चार-पाच कुटुंबं मिळून मस्कोका किंवा कवार्था लेक्सच्या बाजूला कॉटेज घेतात. धक्क्याला बहुधा एखादी मोटरबोट बांधलेली असतेच. मग ‘चालवायची कुणी?’ यावर चर्चा रंगते. तिच्यात कायदा थोडा आणि ऐकीव माहितीच जास्त.

‘गाडीचं लायसन्स आहे, तेवढं पुरे’ हे त्यातलं पहिलं वाक्य. पुरत नाही. कॅनडात मोटर बसवलेली हौशी बोट चालवणाऱ्याजवळ ‘प्लेझर क्राफ्ट ऑपरेटर कार्ड’ किंवा कायद्याला मान्य असा दुसरा पुरावा लागतो, आणि तो बोटीवर सोबत असावा लागतो. नसला तर दंड २५० डॉलर. ‘पन्नाशी उलटलेल्यांना माफी असते’ हेही खरं नाही. १९९९ साली आलेला हा नियम टप्प्याटप्प्याने लागू झाला: आधी १ एप्रिल १९८३ नंतर जन्मलेल्यांना, २००२ पासून चार मीटरपेक्षा लहान मोटरबोट चालवणाऱ्यांना आणि १५ सप्टेंबर २००९ पासून सगळ्यांना. माफीची समजूत त्या मधल्या दहा वर्षांतली असावी. नाहीतर फ्लोरिडाच्या एखाद्या नातेवाइकाने ती पोचवली असेल. तिथे १ जानेवारी १९८८ पूर्वी जन्मलेल्यांना कार्ड लागत नाही.

मोटर किती लहान, याला महत्त्व नाही. मासेमारीच्या होडीला लावलेली बॅटरीवरची ट्रोलिंग मोटरसुद्धा मोटरच, आणि ती बंद असली तरी नियम सुटत नाही. नुसत्या वल्ह्यांच्या कयाकला मात्र कार्ड नको.

खरा गोंधळ वयाचा. ‘सोळा वर्षांशिवाय कार्ड मिळत नाही’ असं अनेक पालक ठामपणे सांगतात. कार्डाला किमान वय नाही. दहा वर्षांची मुलगीही परीक्षा देऊ शकते. वयावर ठरते ती इंजिनाची ताकद. बाराच्या आतल्या मुलाला एकट्याने १० हॉर्सपॉवरपर्यंत, बारा ते सोळाच्या आतल्याला ४० हॉर्सपॉवरपर्यंत आणि सोळानंतर हवं ते इंजिन. सोळा किंवा त्याहून मोठं कुणी बोटीतच बसून लक्ष ठेवत असेल, तर ही मर्यादा उठते. याचा अर्थ लोक असा लावतात की बाबांकडे कार्ड आहे, म्हणजे मुलाला नको. बाबांच्या देखरेखीने फक्त हॉर्सपॉवरची अट सुटते. सुकाणू ज्याच्या हातात, कार्ड त्याचंच हवं. जेट स्कीला तर ही सवलतही नाही. सोळाच्या आतल्याने ती चालवायचीच नाही, मागे कुणीही बसलेलं असो. (नॉर्थवेस्ट टेरिटरीज आणि नुनावुत इथे वयाचे हे नियम लागू नाहीत, पण तिकडे कॉटेज घ्यायला कोण जातंय!)

भाड्याच्या बोटीला सूट आहे, पण ती आपोआप मिळत नाही. बोट देणाऱ्याने सुरक्षेची यादी तुमच्याबरोबर वाचून, भरून, सही घेतली, तर तो कागद भाड्याच्या मुदतीपुरता कार्डाच्या जागी चालतो. अमेरिकेतून स्वतःची बोट घेऊन आलेल्या पाहुण्याला सलग ४५ दिवसांच्या आत काही लागत नाही. त्याच पाहुण्याने तुमची, म्हणजे कॅनडात नोंदलेली बोट चालवायला घेतली की लागतं.

बोटीच्या नाकाडावर रंगवलेला नंबर पाहून ‘लायसन्स आहे की’ म्हणणारेही भेटतात. तो परवाना १० हॉर्सपॉवर आणि त्यापुढच्या मोटरच्या बोटीचा. चालवणाऱ्याशी त्याचा संबंध नाही.

आणि कार्ड मिळालं म्हणजे बोट येते, हा सगळ्यांत महागात पडणारा समज. अभ्यासक्रम घरबसल्या होतो, परीक्षेत ५० प्रश्न, ७५ टक्क्यांना पास, आणि कार्ड जन्मभराचं. प्रवाहाविरुद्ध जाताना लाल बोया उजव्या हाताला ठेवायचा, एवढं त्यातून नक्की कळतं. आडवा वारा सुटलेला असताना धक्क्याला बोट कशी लावायची, हे तिथे कुणी करून पाहायला लावत नाही. माझ्या मते ही परीक्षा फारच सोपी आहे. पहिले काही तास एखाद्या जाणत्याला शेजारी बसवलेलं बरं.

‘कनूला इंजिन नाही, मग बिअर चालेल’ याचं उत्तर ऑन्टारिओच्या न्यायालयाने देऊन ठेवलं आहे. २०१७ साली मस्कोका नदीत कनू उलटून आठ वर्षांचा मुलगा दगावला. कनू हे कायद्याने जलयानच, असं न्यायालयाने ठरवलं आणि दारू पिऊन ती चालवणारा माणूस २०१९ मध्ये दोषी ठरला.

लाइफ जॅकेटबाबत संघराज्याचा कायदा मोठ्यांना ‘घालाच’ म्हणत नाही. माणशी एक, त्याच्या मापाचं, बोटीत हवं म्हणतो. अमेरिकी कोस्ट गार्डच्या २०२३ च्या आकडेवारीत मात्र हौशी बोटिंगमध्ये बुडून मेलेल्यांपैकी ८७ टक्के लोकांच्या अंगात जॅकेट नव्हतं. हवेने फुगणारी सुटसुटीत जॅकेटं सोळाच्या आतल्या किंवा ३६.३ किलोपेक्षा कमी वजनाच्या कुणालाही मान्य नाहीत. तेव्हा धक्का सोडण्याआधी मुलांची जॅकेटं त्यांच्या अंगावर चढवून, पट्टे आवळून बघावीत. ढगळ निघालं तर ते जॅकेट मोजायचंच नाही.