उष्णसदन : इंधनदारिद्र्य आणि वैद्याचे कर्तव्य

चरकसंहितेच्या स्वेदाध्यायात अग्नीवाचून होणाऱ्या स्वेदाचे दहा प्रकार वर्णिले आहेत. व्यायामापाठोपाठ तेथे ‘उष्णसदन’ म्हणजे उबदार घर आणि ‘गुरुप्रावरण’ म्हणजे जड पांघरूण यांचा निर्देश येतो. हेमंताच्या ऋतुचर्येतही उबदार गर्भगृहात राहण्याचा उपदेश आहे. घराची ऊब ही चैन नसून चिकित्सेचे अंग आहे, हे आपल्या आचार्यांनी स्पष्ट केले आहे. परंतु ज्या रुग्णास ही ऊब परवडत नाही, त्याचे काय? हा प्रश्न वैद्यबंधु-भगिनींसमोर मांडणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ब्रिटनचा अनुभव

या प्रश्नाचा सर्वाधिक ऊहापोह ब्रिटनमध्ये झाला. तेथे त्यास ‘फ्युएल पॉव्हर्टी’ म्हणतात. आपण ‘इंधनदारिद्र्य’ म्हणू. घरात पुरेशी ऊब व अन्य आवश्यक ऊर्जा मिळविण्यासाठी ज्या कुटुंबास उत्पन्नाच्या १० टक्क्यांहून अधिक खर्च करावा लागेल ते इंधनदरिद्री, अशी व्याख्या ब्रेंडा बोर्डमन यांनी १९९१ मध्ये रूढ केली. शासकीय व्याख्या पुढे बदलल्या. मात्र अल्प उत्पन्न, महाग इंधन व उष्णता धरून न ठेवणारे घर ही तीन कारणे आजही मान्य आहेत. २००० साली यासाठी तेथे स्वतंत्र कायदाही झाला.

तेथील उपाय मुख्यतः दोन प्रकारचे आहेत. पहिला, हिवाळ्यात इंधनाच्या बिलासाठी साहाय्य. दुसरा, छपराखाली व भिंतींत उष्णतारोधक थर बसविणे आणि दारे-खिडक्यांच्या फटी बुजविणे. आपल्या परिभाषेत पहिला साग्नि, तर दुसरा निरग्नि म्हणता येईल. साहाय्याची रक्कम त्या हिवाळ्यापुरती पुरते. भिंतीतील थर मात्र वर्षानुवर्षे काम देतो. २०२२ मध्ये युक्रेनयुद्धानंतर वायूचे दर भडकले, तेव्हा उष्णता न धरणाऱ्या घरांतील कुटुंबांना त्याची झळ विशेष बसली.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये थंड प्रदेशांतील घरांसाठी किमान १८ अंश सेल्सियस तापमान सुचविले. थंड घरात रक्तदाब वाढतो, श्वासविकार बळावतात; ओलीमुळे भिंतींवर बुरशी धरते. म्हणूनच २०२१-२२ च्या हिवाळ्यात ग्लॉस्टरशायर परगण्यात एक अभिनव प्रयोग झाला. थंडीने ज्यांचा विकार बळावेल अशा अल्प उत्पन्नाच्या रुग्णांना औषधाप्रमाणेच घराची ऊबही ‘लिहून’ देण्यात आली व तिचा खर्च उचलण्यात आला.

आपली चिकित्सा आणि रुग्णाचे सिलिंडर

आपल्याकडील हिवाळा सौम्य व अल्पकाळाचा. तथापि निफाड परिसरातील पत्र्याची घरे किंवा ऊसतोड कामगारांच्या कोप्या पाहिल्या म्हणजे प्रश्न परका वाटत नाही. उज्ज्वला योजनेने २०१६ पासून गरीब घरांत गॅस पोचविला. पण जोडणी मिळाली तरी १४.२ किलोचे सिलिंडर पुन्हा भरण्याचा खर्च उरतोच. अशा घरात आपण अभ्यंगोत्तर उष्णोदकस्नान, दिवसभर उष्णोदकपान आणि दोन वेळा ताजा क्वाथ सांगतो. शार्ङ्गधरोक्त प्रमाणाने १६ भाग जल आटवून अष्टमांश उरवावयाचे, म्हणजे १४ भागांची वाफ करावयाची. हे इंधन कोणाच्या खर्चाने जळते, याचा हिशेब आपण क्वचितच करतो. रुग्ण क्वाथ अर्धवट उकळतो वा सोडून देतो आणि आपण ‘उपशय नाही’ अशी नोंद करतो.

यावर मार्ग आहेत. तुळस, आले यांसारख्या मृदू व सुगंधी द्रव्यांचा फांट पुरेसा होतो. कठीण मुळे व साली यांना क्वाथच हवा. तेथे घनवटी अथवा आसवारिष्ट योजावे. हिम इंधन वाचवितो खरा, परंतु शीतकाळी कफप्रधान रुग्णास तो देऊ नये. औषधनिर्माते व विक्रेते यांनी घनवटी आणि प्रवाही क्वाथ लहान, परवडणाऱ्या बांधणीत ठेवावेत. मोठ्या पात्रात एकदाच केलेला पाक घरोघरच्या लहान पातेल्यांपेक्षा कमी इंधनात होतो.

घराविषयीचा सल्लाही निरग्नि असावा. पत्र्याखाली गोणपाटाचे आच्छादन, अंथरुणाखाली भाताचा पेंढा, दाराखालच्या फटीस चिंधी, अंगावर गोधडी वा घोंगडी आणि दुपारी आतपसेवन यांस खर्च अल्प लागतो. वाग्भटांनी अंगारांनी तापविलेल्या गृहाची प्रशंसा केली आहे. परंतु आजच्या बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवून झोपणे प्राणघातक आहे. कार्बन मोनॉक्साइडला गंध नसतो, त्यामुळे झोपलेल्यास धोका कळत नाही. हे प्रत्येक रुग्णास बजावून सांगावे.

हेमंतात येणाऱ्या श्वास, कास व संधिवाताच्या रुग्णास ‘छप्पर कशाचे आहे? सिलिंडर किती दिवस पुरते? आंघोळीचे पाणी कशावर तापते?’ हे तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तरे रुग्णपत्रिकेत देश-काल-बलाच्या नोंदीशेजारी लिहावीत, अशी सर्व वैद्यबांधवांस आमची नम्र विनंती आहे. त्या उत्तरांनुसार कल्प ठरविल्यास रुग्ण तो नेटाने घेऊ शकेल.