तांबूची ताटली

मार्चअखेरीस तासगावच्या बाजूला बेदाण्याची घाई असते. आमच्या शेडच्या मागे रिकाम्या क्रेटांच्या आडोशाला मला ती सापडली. तिची आई आदल्या दिवशी रस्त्यावर गाडीखाली गेली होती. कुत्रीची बाकीची पिल्लं कुणी कुणी उचलून नेली, ही तांबूस मादी, आमची तांबू, तेवढी मागे राहिली. दात नुकते फुटलेले, म्हणजे महिन्याच्या आसपासची. पाय काडीसारखे आणि पोट मात्र डेऱ्यासारखं.

शेजारच्या काकूंनी लगोलग बशीभर गाईचं दूध आणलं, तेही साखर घालून. पिल्लू म्हटलं की आपण दूधच पुढे करतो, जरा मोठं झालं की दूध-चपाती. त्यामागची माया खरी असते. तांबूने बशी चाटूनपुसून लख्ख केली आणि पहाटेपर्यंत पोत्यावर चार वेळा पिवळं पाणी झालं.

सकाळी डॉक्टरांनी तिच्या मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती चटकन खाली बसेना. अंगातलं पाणी उतरलं होतं. त्यांनी आधी सलाइन दिलं, मग समजावलं. कुत्रीचं दूध गाईच्या दुधाहून कितीतरी घट्ट. त्यात प्रथिनं आणि स्निग्धांश दुपटीहून जास्त आणि दुग्धशर्करा कमी. गाईच्या दुधातली ही शर्करा पिल्लाला नीट पचत नाही, म्हणून जुलाब होतात. त्यात पाणी घालून पाजलं तर पोट बिघडतंच, शिवाय पोषणही होत नाही. आणि तो डेरा जंतांचा होता. गोल जंत पिल्लाला आईच्या पोटात असतानाच लागतात, पुढे दुधातूनही जातात. जंतांचं औषध वजनावर द्यायचं असतं. शेडमधल्या बेदाण्याच्या काट्यावर टॉवेल अंथरून तिला बसवलं : 1 किलो 420 ग्रॅम.

"दूध न्हाई द्यायचं, तर मग घालायचं काय गं तिला?" काकूंनी काळजीने विचारलं.

पिल्लांसाठी तयार मिळणारे दाणे आणले. मूठभर दाण्यांवर कोमट पाणी ओतून वीस मिनिटं झाकायचं. मग एकेक दाणा चिमटीत दाबून बघायचा, आत कडक गाठ लागली तर आणखी थांबायचं. सगळं मोडून पातळ पिठल्याइतकं सरबरीत करायचं. वाटी उपयोगाची नाही, तिच्यात नाक बुडतं. पसरट ताटली हवी. पहिल्या दिवशी तांबू सरळ ताटलीत उभी राहिली, शिंकली आणि माझ्याकडे बघत बसली. मी बोटाला लगदा लावून तिच्या वरच्या ओठाला टेकवला. जीभ बाहेर आली, आत गेली, पुन्हा आली. तिसऱ्या बोटाला तिने बोटच धरलं. मी बोट हळूहळू ताटलीकडे नेत गेले आणि तिचं तोंड त्याच्यामागे खाली आलं.

दिवसातून पाच वेळा, थोडं थोडं. पोट तट्ट होण्याआधी ताटली उचलायची. ती मागे यायची, कुंईकुंई करायची, तरी उचलायची. हे मला फार जड गेलं. आपल्याला वाढत राहायची सवय, आणि तिची आई तर आता नव्हतीच. पण तिचं कितपत पचलं हे शीवरून कळायचं. उचलल्यावर आकार टिकला तर पुढच्या वेळी चमचाभर जास्त, सैल झाली तर तेवढं कमी. आठवड्याने काट्यावर साडेतीनशे ग्रॅम वाढ दिसली तेव्हा काकूंनी शेडमधल्या सगळ्या बायकांना हाका मारल्या.

मग हळूहळू उकडलेलं अंडं, हाडं काढलेलं शिजवलेलं चिकन, भोपळ्याची फोड सुरू झाली. मीठ नाही, कांदा-लसूण नाही. शिजलेलं हाड तर मुळीच नाही. ते फुटून त्याच्या अणकुचीदार कपच्या होतात. नुसतं मांस म्हणजे उत्तम खुराक हा समजही मी इथेच सोडला. मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम जवळपास नाहीच. मग शरीर ते स्वतःच्या हाडांतून ओढतं आणि पाय वाकतात. म्हणून पाया तयार दाण्यांचाच ठेवला, बाकीचं वरून जरासं. त्यावर पुन्हा कॅल्शियमची बाटली नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. कोवळ्या आतड्याला नको असलेलं कॅल्शियम अडवता येत नाही. मोठ्या जातीच्या पिल्लांची हाडं त्याने बिघडतात.

एवढं सगळं सांभाळत असताना धोका होता तो आमच्या अंगणातच. मेमध्ये एका संध्याकाळी कामावरच्या बाईच्या लहानग्याने लाडाने तिला ओंजळीतले बेदाणे चारले. मी पोहोचले तेव्हा ती ओठ चाटत होती. बेदाण्याने, द्राक्षाने कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पडू शकतात. किती खाल्ल्याने, हे आधी सांगता येत नाही. 2021 साली अमेरिकेतल्या पशुवैद्यकांनी यामागे टार्टारिक आम्ल असावं असं मांडलं. तेच चिंचेतही असतं, म्हणजे आमटीचा भातही नको. डॉक्टर फोनवर पहिलं हेच म्हणाले, "ताई, घरी मिठाचं पाणी पाजू नका, तशाच या." त्यांनी उलटी करवली. फुगलेले नऊ बेदाणे पडले. मी ते मोजले. पुढे दोन दिवस सलाइन, रक्ततपासणी, आणि ती लघवीला बसली की माझा जीव भांड्यात पडायचा. ती वाचली. पोराला कुणी रागावलं नाही. आमच्या दारात येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातावर आपण बेदाणेच ठेवतो, त्याने तेच केलं होतं. आता शेडच्या दाराला गुडघाभर उंचीची जाळी आहे.

जूनअखेर तांबू सात किलोची झाली. दिवसाला तीन जेवणं. बरगड्या दिसत नाहीत, पण हात फिरवला की बोटांना लागतात, तशाच लागायला हव्यात. परवा ताटली घासताना तळाशी तांदळाच्या कणीएवढं पांढरं काहीतरी खटकलं. पुढचा दुधाचा दात होता. तो पदराला पुसून मी काकूंना दाखवायला नेला.