आतड्यांचे संसर्ग – लेखांक ५ : शिगेला आणि रक्ती आव

मागील लेखांकात अमीबामुळे होणाऱ्या आमांशाचा विचार झाला. शौचावाटे आव आणि रक्त पडणे व पोटात मुरडा येणे ही लक्षणे आणखी एका रोगात दिसतात. दांडीच्या आकाराच्या जिवाणूंमुळे, म्हणजे दंडाणूंमुळे, होत असल्याने त्याला दंडाणुजन्य आमांश म्हणतात. बोलीभाषेत दोन्हींना ‘आव पडणे’ असेच म्हटले जात असले, तरी त्यांची कारणे आणि उपचार वेगळे आहेत, आणि हा भेद वेळीच न ओळखल्यास साथीच्या काळात त्याची किंमत हजारो जिवांनी मोजावी लागते.

या जिवाणूचा शोध जपानमध्ये लागला. तेथे १८९७ साली ‘सेकिरी’ची, म्हणजे ‘लाल जुलाबां’ची, मोठी साथ आली, तीत सुमारे ९०,००० लोक आजारी पडले आणि दर पाच रुग्णांपैकी एकाहून अधिक दगावला. तोक्यो येथील संसर्गजन्य रोगांच्या संस्थेत किताझातो शिबासाबुरो यांच्या हाताखाली काम करणारे तरुण डॉक्टर कियोशी शिगा यांनी ३६ रुग्णांचा अभ्यास केला. निरोगी आतड्यातही असंख्य जिवाणू नांदत असल्याने त्यांतला दोषी कोणता हे ठरवणे अवघड होते. शिगा यांनी मळातून वाढवलेल्या जिवाणूंच्या द्रावात आमांशाच्या रुग्णांचा रक्तद्रव, म्हणजे रक्तातील पेशी वगळून उरणारा पातळ भाग, मिसळून पाहिला. शरीराने ज्या जंतूशी झुंज दिलेली असते, त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे या द्रवात असतात आणि ती त्या जंतूंना एकमेकांना चिकटवून त्यांच्या गुठळ्या करतात. एका विशिष्ट दंडाणूच्या अशा गुठळ्या झाल्या आणि रोगाचे कारण निश्चित झाले. पुढे या प्रजातीला शिगा यांच्यावरून ‘शिगेला’ हे नाव मिळाले. तिच्या चार जाती मानल्या जातात : डिसेंटेरी, फ्लेक्सनेरी, बॉइडी आणि सोनेई. बॉइडीचे नाव हिंदुस्थानातील सैनिकांच्या आमांशाचा अभ्यास करणारे ब्रिटिश लष्करी डॉक्टर जॉन बॉइड यांच्यावरून पडले आहे.

शिगेलाचे सर्वांत मोठे बळ म्हणजे तिला लागणारी जंतूंची अत्यल्प संख्या. पटकी होण्यास एरवी कोट्यवधी जंतू पोटात जावे लागतात, कारण त्यांतील बहुतेक जठरातील आम्लात मरतात. शिगेला मात्र हे आम्ल बराच वेळ सोसते, त्यामुळे तिचे दहा ते शंभर जंतूही रोग निर्माण करण्यास पुरतात. एवढे जंतू नखाखालच्या मळातून, माशीच्या पायांवरून किंवा आजारी मुलाचे कपडे धुणाऱ्या हातांवरून सहज पोहोचतात. म्हणूनच हा रोग दूषित पाण्याइतकाच हातांनी पसरतो, आणि घरातले एक मूल आजारी पडले की पाठोपाठ भावंडेही आजारी पडतात.

मोठ्या आतड्यात पोहोचलेल्या शिगेलाला अस्तरपेशींमध्ये वरच्या बाजूने सहसा शिरता येत नाही. अस्तरात अधूनमधून असणाऱ्या ‘एम’ पेशी आतड्यातील पदार्थांचे नमुने उचलून खालच्या संरक्षक पेशींकडे पोहोचवतात, म्हणजे त्या एक प्रकारे शरीराच्या पहाऱ्यावरच असतात. शिगेला नेमकी त्यांच्यातून पलीकडे जाते, तिला गिळणाऱ्या भक्षक पेशीला ठार करते आणि मग अस्तरपेशींमध्ये खालून प्रवेश करते. तिला स्वतः पोहता येत नाही, पण पेशीच्या सांगाड्यातील ॲक्टिन या प्रथिनाचे शेपूट आपल्या मागे रचून त्याच्या रेट्याने ती शेजारच्या पेशीत घुसते आणि अशा रीतीने बाहेर न पडताच पसरत जाते. प्रतिकारासाठी धावून आलेल्या पांढऱ्या पेशी अस्तराचे सांधे सैल करतात, त्यामुळे आणखी जंतू आत येतात आणि अस्तराला व्रण पडतात. मळातील रक्त, पू आणि आव ही या झुंजीचीच खूण होय.

संसर्गानंतर साधारणतः एक ते तीन दिवसांत ताप व पोटदुखी सुरू होते. मग रुग्णाला वारंवार शौचाची कळ येते, कुंथावे लागते, पण बाहेर पडते ती चमचाभर रक्तमिश्रित आव. निरोगी प्रौढ माणूस बहुधा आठवडाभरात बरा होतो. कुपोषित बालकांना मात्र धोका फार असतो. शिगा यांनी शोधलेला डिसेंटेरीचा पहिला प्रकार पेशींतील प्रथिननिर्मिती थांबवणारे विषही तयार करतो, त्यामुळे क्वचित मूत्रपिंडे निकामी होतात.

याच प्रकाराची साथ १९६९ साली ग्वाटेमालात सुरू झाली. सूक्ष्मदर्शकाखाली मळातील भक्षक पेशी अमीबासारख्या भासू शकतात, शिवाय आजार नसतानाही अनेकांच्या आतड्यात अमीबा असतो. अशा परिस्थितीत तेथील रोग प्रारंभी अमीबाजन्य समजला गेला आणि रुग्णांवर चुकीचे उपचार झाले. १९७३ पर्यंत मध्य अमेरिकेत पाच लाखांहून अधिक लोक आजारी पडले आणि सुमारे २०,००० मृत्यू झाले.

उपचारात जलसंजीवनी व मुलांसाठी झिंक यांना पहिले स्थान आहे. जुलाब बांधणारी औषधे जंतूंना आतड्यातच कोंडून ठेवतात, म्हणून ती टाळावीत. रक्ती आव असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिजैविक द्यावे लागते, मात्र हे शस्त्र बोथट होत चालले आहे. अनेक औषधांना एकाच वेळी दाद न देणारे शिगेलाचे जंतू १९५० च्या दशकात जपानमध्येच आढळले, आणि ही प्रतिकारशक्ती आतड्यातील ई. कोलायसारख्या जिवाणूकडून प्लाझ्मिड या सुट्या डीएनए-कड्यावाटे आयती मिळू शकते, हे तेथील संशोधकांनी दाखवून दिले. पश्चिम बंगालमध्ये १९८४ च्या साथीत नॅलिडिक्सिक ॲसिड उपयोगी पडले, पण काही वर्षांतच पूर्व भारतात त्यालाही न जुमानणारे जंतू दिसू लागले.

औषध जुने होते, तरी हे दहा-वीस जंतू बोटांवरून तोंडापर्यंत यावेच लागतात, हे बदलत नाही. बरा झालेला रुग्णही काही आठवडे मळावाटे जंतू बाहेर टाकत असतो. म्हणून जुलाब थांबल्यानंतरही शौचानंतर आणि स्वयंपाकापूर्वी साबणाने हात धुणे हा या रोगाच्या उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

(पुढील लेखांकात : विषमज्वर)