हाळीच्या अंतरावर

पोलादपूरहून उमरठकडे जाणारी सकाळची एसटी कापड्याच्या पुढे गेली की निम्मी रिकामी होते. मग मी पिशवी मांडीवर घेऊन आतले सामान पुन्हा तपासते. प्रश्नावल्यांचे प्लास्टिकचे फोल्डर, ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या नोंदवहीतून हाताने उतरवून घेतलेली घरांची यादी, संशोधन केंद्राचे सही-शिक्क्याचे पत्र, पाण्याची बाटली, चार बॉलपेन. सर्वेक्षणाच्या पहिल्या दिवसापासून हीच पिशवी, हेच सामान. बदलली ती फक्त पेने. पूर्वी मी जेल पेन वापरायची.

मी पीएच.डी.चे काम करते. विषय आहे महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या दरडग्रस्त वाड्यांचे पुनर्वसन. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यात जुई, दासगाव, कोंडिवते, रोहण इथे दरडी कोसळल्या आणि शंभराहून अधिक माणसे गेली. वाचलेल्यांना दुसरीकडे घरे मिळाली. इतक्या वर्षांनी ती घरे राहत्या घरांसारखी झाली आहेत का, आणि पोलादपूरच्या डोंगरात अजून उतारावरच राहणाऱ्या वाड्यांना स्थलांतराबद्दल काय वाटते, हे मला समजून घ्यायचे होते. २०१९ मध्ये नोंदणी झाली. ज्या वाडीबद्दल इथे लिहिणार आहे तिचे नाव देत नाही. माझ्या प्रबंधातही ते दिलेले नाही. तसा शब्द मी प्रत्येक घरात दिला आहे.

पहिली प्रश्नावली मी खोलीत बसून, पुस्तके समोर ठेवून तयार केली होती. तिच्यात ‘भूस्खलन’ हा शब्द नऊ ठिकाणी होता. वाडीतल्या पहिल्याच घरात ओटीवर बसून मी तो उच्चारला आणि समोरच्या आजी गप्प बसल्या. सुनेने सांगितले, ‘‘डोंगर आला ना, त्याचं इचारतायत.’’ त्यानंतर आजी अर्धा तास बोलत होत्या. डोंगर ‘आला’. कोसळला नाही, घसरला नाही, एखादा पाहुणा यावा तसा आला. पुढचा प्रश्न होता जुन्या घराच्या क्षेत्रफळाचा, चौरस फुटांत. आजी म्हणाल्या, ‘‘पाच खणांचं होतं, बाय. मागं परडं, बाजूला गोठा.’’ मग मी विचारले, जुन्या घरापासून शेजारचे घर किती मीटर होते? त्यांनी थोडा विचार केला. ‘‘हाळी दिली की भावाला ऐकू जायची. आता नाय जात.’’

मीटरचा रकाना मी रिकामा ठेवला. परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून थांब्यावर बसून पूर्ण फॉर्म पुन्हा वाचला. बेचाळीस प्रश्नांपैकी निम्मे तरी असे होते की ज्यांना त्या घरात उत्तरच नव्हते. नव्या वसाहतीत घरे ओळीने, एकमेकांना खेटून बांधलेली. मीटरने मोजले तर शेजार पूर्वीपेक्षा जवळ आलेला. पण आजींचा भाऊ दुसऱ्या ओळीत गेला होता, मध्ये दुसऱ्या भावकीची घरे आली होती, आणि त्यांच्या दारावरून आपल्या माणसाला हाळी द्यायची कशी? हे माझ्या कोणत्याच रकान्यात बसत नव्हते.

मार्गदर्शकांना फोन केला. विद्यार्थिनीने सहा महिने खपून केलेली प्रश्नावली टाकाऊ निघाली, हे ऐकून ते रागावतील असे वाटले होते. ते म्हणाले, ‘‘याच्यासाठीच पथदर्शी सर्वेक्षण असतं. पुढच्या शनिवारी मी येतो.’’ आणि खरेच आले. पहाटेच्या दिवा पॅसेंजरने वीर स्थानकावर उतरले, तिथून रिक्षाने महाडला आणि महाडहून माझ्याबरोबर एसटीने. दिवसभर त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. कोरा चहा घेत ओटीवर बसून ऐकत राहिले. संध्याकाळी महाडच्या स्टँडवर प्रश्नावलीच्या मागच्या कोऱ्या बाजूला आम्ही नवे प्रश्न लिहिले. ‘हाक मारली तर पहिलं कोण येतं?’ हा प्रश्न तिथे लिहिला गेला. माझ्या प्रबंधाचे चौथे प्रकरण त्या एका प्रश्नावर उभे आहे.

संशोधकाला कोणते साहाय्य मिळते असे कोणी विचारले की मला आधी तो शनिवार आठवतो. त्या दिवसाची कुठल्याही नियमावलीत तरतूद नाही, तरी त्यामागे एक नियम आहेच. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. ही मर्यादा जाचक वाटते, कारण जागा रिकामी असलेला मार्गदर्शक शोधायला मला दीड वर्ष लागले. लोणेऱ्याचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आमच्या हाकेवर, महामार्गालगत १९८९ पासून उभे आहे, पण ते तंत्रशास्त्राचे. समाजशास्त्रासाठी मुंबईची वाट धरावी लागते. तरीसुद्धा ती मर्यादा हवी असेच मी म्हणेन. वीस विद्यार्थी असलेला मार्गदर्शक शनिवारी पॅसेंजरने आला नसता.

आता पैशांचे. नोंदणीआधी मी महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होते. फेलोशिप मिळाली तेव्हा तो तास सोडावा लागला आणि कुठेही नोकरी करत नाही असे हमीपत्र स्टॅम्प पेपरवर लिहून द्यावे लागले. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन फेलोशिप मिळवणारे थोडे. त्याशिवाय महाराष्ट्रात बार्टी अनुसूचित जातींतील, सारथी मराठा-कुणबी समाजातील, तर महाज्योती इतर मागास आणि भटक्या-विमुक्त समाजांतील संशोधकांना अधिछात्रवृत्ती देते. माझ्याबरोबर नोंदणी झालेल्या सात जणांपैकी पाच जण अशा कुठल्या ना कुठल्या फेलोशिपवर आहेत आणि त्या पाचांपैकी चौघांच्या घरात पदवीपर्यंत शिकलेले ते पहिलेच. कनिष्ठ फेलोशिपचा दर पूर्वी दरमहा ३१ हजार होता, १ जानेवारी २०२३ पासून ३७ हजार झाला. वरिष्ठ टप्प्यावर ४२ हजार. पोलादपूरच्या मानाने ही रक्कम मोठी आहे हे मी नाकारत नाही. वडिलांनी भातशेतीत इतका पैसा एका वर्षातही पाहिलेला नाही.

पण रक्कम कागदावर असणे वेगळे आणि खात्यात असणे वेगळे. माझ्या कामाच्या मधल्या काळात सलग अकरा महिने पैसे आले नाहीत. प्रगती अहवाल वेळेवर दिलेला, हजेरीपत्रक वेळेवर, घरभाड्याचा दाखला वेळेवर. त्या अकरा महिन्यांत मी वाडीवर फक्त तीनदा गेले, कारण जाण्या-येण्याला आणि जेवणाला लागणारे पैसे खोलीच्या भाड्यात जात होते. थकबाकी पुढे एकरकमी मिळाली. मात्र तोवर पेरणीचा हंगाम निघून गेला होता. नव्या वसाहतीतून जुन्या शेतावर चालत जायला किती वेळ लागतो आणि त्यामुळे कोणती शेते पडीक राहतात, हे पेरणीच्या दिवसांतच कळते. त्यासाठी मला आणखी एक वर्ष थांबावे लागले. एक रुपयाही कमी मिळाला नाही, वर्ष मात्र गेले. संशोधकांनी मुंबईत आझाद मैदानावर आंदोलने केली तेव्हा बाहेरच्यांना वाटले, ही मुले वाढीव पैसे मागताहेत. आम्ही बहुतेक वेळा तारखा मागत होतो.

महाडमध्ये राहून या गोष्टीचा विचार करताना बाबासाहेब आठवल्याशिवाय राहत नाहीत. माझ्या खोलीपासून झेरॉक्सच्या दुकानाकडे जाताना चवदार तळे लागते. २० मार्च १९२७ रोजी त्यांनी तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, हे इथल्या प्राथमिक शाळेतल्या मुलालाही माहीत असते. त्याच वर्षी जूनमध्ये कोलंबिया विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. दिली, हे मला स्वतः संशोधन करायला लागल्यावर कळले. लंडनच्या डी.एस्सी.मुळे ते १९२३ पासूनच डॉक्टर होते. मग कोलंबियाची पदवी इतकी उशिरा का? प्रबंध तर १९१७ पर्यंत लिहून झाला होता. पण तिथल्या नियमाप्रमाणे छापील प्रती जमा केल्याखेरीज पदवी मिळत नसे, आणि छपाईला पैसे लागतात. भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचे ते पुस्तक लंडनच्या पी. एस. किंग कंपनीने १९२५ मध्ये छापले. लिहून झालेल्या प्रबंधाला पदवी मिळायला दहा वर्षे.

त्यांचे शिक्षण उभे राहिले त्याचा हिशोबही पाहण्यासारखा आहे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती, तीन वर्षांसाठी. ती संपली तेव्हा लंडनचे काम अर्धवट टाकून १९१७ मध्ये परत यावे लागले. वेगळ्या जहाजाने पाठवलेली पुस्तके वाटेतच, जहाजावर पाणतीर सुटल्यामुळे, समुद्रात गेली. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज, या आधारावर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. छापून आलेले पुस्तक त्यांनी सयाजीरावांना अर्पण केले. पहिले पैसे ज्यांनी दिले त्यांचे नाव अर्पणपत्रिकेत आहे. दरमहा, ठरलेल्या दिवशी हाती येणाऱ्या साडेअकरा पौंडांची किंमत काय असते, हे त्या पानावर मला दिसते.

पाण्यात गेलेल्या पुस्तकांची गोष्ट वाचताना माझ्या अंगावर काटा येतो, कारण २२ जुलै २०२१. त्या रात्री सावित्री आणि गांधारी महाडच्या बाजारपेठेत शिरल्या. मी तळमजल्यावर राहत होते. घरमालकांनी मला हाताला धरून वरच्या मजल्यावर नेले. फॉर्मची पेटी खालीच राहिली. दुसऱ्या दिवशी चिखलातून पेटी काढली. एकशेअठरा फॉर्म, एकमेकांना चिकटून त्यांची वीट झालेली. वर्तमानपत्राच्या घड्यांत एकेक ठेवून, वरून कोमट इस्त्री फिरवून मी आणि घरमालकीणबाई पंधरा दिवस ते वाळवत होतो. जेल पेनने लिहिलेले सगळे निळसर ढगासारखे पसरून गेले होते. बॉलपेनने लिहिलेले वाचता येत होते. एकाहत्तर फॉर्म वाचले, ते अशा दिवसांचे की जेव्हा माझे पेन संपले होते आणि मी घरातल्या शाळकरी मुलाकडून बॉलपेन मागून घेतले होते.

२२ जुलैलाच महाड तालुक्यात तळियेवर डोंगर आला. ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही दरडी आल्या. माझा विषयच माझ्या दाराशी येऊन उभा राहिला होता आणि मला घराबाहेर पाऊल टाकवेना. पाच-सहा दिवसांनी एका ओळखीच्या अभ्यासकाने फोनवर सांगितले, आत्ता मुलाखती घे, आठवणी ताज्या आहेत. मी मार्गदर्शकांना विचारले. ते म्हणाले, ‘‘चार महिने वही घेऊन कुठंही जायचं नाही. गेलीस तर धान्य घेऊन जा.’’ मी गेले ते भांडी आणि चादरी वाटणाऱ्या मुलांबरोबर. तळियेच्या एकाही माणसाची मुलाखत माझ्या प्रबंधात नाही. हा निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

बुडालेल्या सत्तेचाळीस घरांत पुन्हा जायचे तर मुदत हवी होती. पीएच.डी.ला जास्तीत जास्त सहा वर्षे, महिलांना आणखी दोन वर्षांची सवलत आणि बाळंतपणासाठी एकदा २४० दिवसांची रजा, असे नियमांत आहे. ही दोन वर्षे म्हणजे मेहरबानी असे समजणारे लोक मला भेटले आहेत. माझ्याबरोबरच्या एका मैत्रिणीने सासूबाईंच्या आजारपणात चौदा महिने एक ओळ लिहिली नाही. त्या सवलतीमुळे तिची नोंदणी टिकली. आता तिचे शेवटचे प्रकरण चालू आहे.

रात्री वाचनासाठी माझा आधार म्हणजे शोधगंगा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने चालवलेल्या या भांडारात देशभरच्या विद्यापीठांतले प्रबंध मोफत वाचता येतात. केरळ, उत्तराखंड इथल्या दरडींवरचे प्रबंध मी पोलादपुरात, मोबाइलवर, रेंज मिळावी म्हणून गच्चीत बसून वाचले. माझ्याआधीच्या पिढीला त्यासाठी शहर गाठावे लागे. तरी काही गोष्टींना ग्रंथालयच लागते. कुलाबा जिल्ह्याचे १८८३ चे गॅझेटियर मी ग्रंथालयात दोन दिवस बसून चाळले आणि ग्रंथपालांनी न विचारता जुने नकाशे बाहेर काढून दिले. ज्याच्याकडे देण्यासारखे आहे अशा माणसाने ते आपण होऊन द्यावे, एवढ्याने संशोधकाचा आठवडा वाचतो.

रायगडाच्या पायथ्याशी, महाड तालुक्यातल्या नाते गावी १४ जानेवारी १८९६ रोजी चिंतामणराव देशमुख जन्मले. मॅट्रिकला पहिले आले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली, पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, केंद्रात अर्थमंत्री झाले. १९५६ ते १९६१ या काळात ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. ज्या आयोगाच्या नियमांवर माझी नोंदणी, मुदत आणि फेलोशिपचा दर ठरतो, त्याची सूत्रे एके काळी आमच्या तालुक्यात जन्मलेल्या माणसाकडे होती. नात्याहून येणारी एसटी स्टँडवर लागते तेव्हा माझ्या मनात हे असते.

गेल्या वर्षी प्रबंध सादर केला. बहिःस्थ परीक्षकांचे अहवाल आले की खुली तोंडी परीक्षा होईल. मूल्यमापन सहा महिन्यांत व्हावे असे नियम सांगतो. मी वाट पाहते आहे. दरम्यान प्रबंधाचा सोळा पानांचा सोपा सारांश तयार करून त्याच्या साठ झेरॉक्स प्रती काढल्या आणि घरोघर वाटल्या. यासाठी कुठल्या शीर्षाखाली पैसे मिळत नाहीत. मिळायला हवेत. ज्यांनी तासन्‌तास बसून सांगितले त्यांच्या हाती शेवटी काय पडते, याचा खर्चही संशोधनाच्या अंदाजपत्रकात धरला गेला पाहिजे.

आजींच्या नातवाने तो सारांश त्यांना पूर्ण वाचून दाखवला. मधल्या पानावर जुन्या वाडीचा मी हाताने काढलेला नकाशा आहे, अकरा माणसांनी सांगितल्यावरून जुळवलेला. आजींनी कागद डोळ्यांजवळ नेला, दूर धरला, मग बोट ठेवले.

‘‘हिर इथं नव्हती, बाय. हिर वडाच्या अलीकडं. तू पलीकडं काढलीस.’’

नातू म्हणाला, पलीकडेच होती. शेजारच्या काकांना बोलावले. ते म्हणाले, आजी बरोबर सांगतात, पलीकडचे ते टाके होते, आटलेले. मी पिशवीतून बॉलपेन काढले, विहीर खोडून वडाच्या अलीकडे काढली आणि टाके वेगळे दाखवले. तोंडी परीक्षेनंतर दुरुस्त्यांसाठी मुदत मिळते. त्या यादीत पहिली दुरुस्ती मी लिहून ठेवली आहे : आकृती ४.२, विहीर.