चोर्नोबिल रायोन : एका ग्रामीण प्रशासकीय विभागाचा अस्त (१९२३–१९८८)

चोर्नोबिल (रशियन उच्चारानुसार चेर्नोबिल) हे नाव १९८६ च्या अणुदुर्घटनेमुळे जगभर पोहोचले. परंतु याच नावाचा युक्रेनमधील एक शेतीप्रधान प्रशासकीय विभाग त्यानंतर दोनच वर्षांनी नकाशावरून नाहीसा झाला, याची दखल क्वचितच घेतली जाते.

‘रायोन’ हा सोव्हिएत रचनेतील ओब्लास्टच्या, म्हणजे प्रांताच्या, खालचा घटक होय. महाराष्ट्रातील तालुक्याशी तो ढोबळमानाने जुळतो. झारकालीन विभागरचना मोडून १९२३ मध्ये चोर्नोबिल रायोन स्थापन झाला व १९३२ मध्ये नव्या कीव्ह ओब्लास्टमध्ये समाविष्ट करण्यात आला. मुख्य ठाणे असलेल्या चोर्नोबिल गावाचा लिखित उल्लेख ११९३ इतका जुना आहे. पुढे ते ज्यूंच्या हसिदी पंथाचे प्रसिद्ध केंद्र बनले; नाझी आक्रमणाने (१९४१–४३) तेथील उरलासुरला ज्यू समाजही संपविला. उर्वरित रायोन म्हणजे प्रिप्यात नदीकाठची दलदल, अरण्ये आणि सामूहिक शेतीची खेडी.

१९७० पासून येथे अणुवीज केंद्राची उभारणी सुरू झाली. मात्र कर्मचाऱ्यांसाठी वसविलेले प्रिप्यात नगर रायोनच्या नव्हे, तर थेट ओब्लास्टच्या अखत्यारीत होते. केंद्राच्या सावलीत अशा प्रकारे दोन वेगळ्या दुनिया नांदत होत्या आणि हा भेद संकटकाळातही दिसला. २६ एप्रिल १९८६ रोजी स्फोट झाला. दुसऱ्याच दिवशी प्रिप्यातचे सुमारे ४९ हजार रहिवासी बसगाड्यांतून हलविण्यात आले. तीस किलोमीटर परिघातील खेड्यांची पाळी मे महिन्यात आली. गुरेढोरेही बाहेर काढावी लागली. त्या वर्षभरात विस्थापितांची एकूण संख्या सुमारे १ लक्ष १६ हजारांवर गेली. अभियंत्यांसाठी स्लावुतिच हे नवे नगर उभे राहिले. शेतकरी मात्र माकारिव्ह, बोरोद्यांका अशा अन्य रायोनांत विखुरले. ज्या ग्रामसमूहांसाठी रायोन होता, तेच उरले नाहीत.

१९८८ मध्ये रायोन बरखास्त होऊन त्याचा प्रदेश शेजारच्या इव्हान्किव्ह रायोनला जोडण्यात आला. जुलै २०२० मध्ये युक्रेनने रायोनांची संख्या ४९० वरून १३६ वर आणली, तेव्हा इव्हान्किव्हही विष्होरोद रायोनमध्ये विलीन झाला. प्रत्यक्ष कारभार मात्र निषिद्ध क्षेत्राच्या स्वतंत्र यंत्रणेकडे राहिला. चोर्नोबिल गावात पाळीपाळीने येणारे कर्मचारी राहू लागले. म्हणजे कार्यालये परतली, नागरिक नाहीत.

अपवाद केवळ ‘सामोसेली’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, मनाई झुगारून परतलेल्या वृद्ध ग्रामस्थांचा. एके काळी त्यांची संख्या हजाराच्या वर होती. पुढे ती घटत गेली. जे परतले नाहीत, त्यांना २०२२ च्या युद्धापूर्वी ईस्टरनंतरच्या पितृस्मरणाच्या दिवसांत आपापल्या गावच्या दफनभूमीत जाण्याची मुभा दिली जात असे.