स्विचच्या देखरेखीतील विलंब: काही रूढ समज

नागपूर हे विभागीय मुख्यालय असल्यामुळे वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांचा कारभार जसा येथे येऊन मिळतो, तसाच ‘महास्वान’सारख्या राज्यव्यापी जाळ्यातही मुंबई, विभाग, जिल्हा आणि तालुका अशी उतरंड असते, आणि जेथे अशी उतरंड असते, तेथे दूरवरच्या कचेऱ्यांतील स्विचांची हालहवाल विचारणारे यंत्र मध्यवर्ती ठिकाणी बसविण्याची सोय साहजिकच केली जाते. या यंत्राच्या पडद्यावर एखाद्या तालुक्याच्या स्विचची स्थिती दहा-पंधरा मिनिटे शिळी दिसू लागली आणि आलेखांत खिंडारे पडू लागली, की पहिला शेरा ठरलेला असतो: ‘लाईन स्लो आहे, स्पीड वाढवून मागा.’ मागणीपत्र जाते, यथावकाश मंजुरी येते, रक्कम खर्ची पडते, आणि पडदा होता तसाच राहतो.

याचे कारण असे की, देखरेखीची वाहतूक वजनाने अगदीच क्षुल्लक असते. मध्यवर्ती यंत्र आणि स्विच यांची प्रश्नोत्तरे एसएनएमपी या १९८८ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या नियमावलीनुसार चालतात. अठ्ठेचाळीस पोर्टांचा स्विच घेतला आणि पोर्टांविषयीच्या दोन प्रमाण तक्त्यांतील अनुक्रमे बावीस व एकोणीस रकाने पूर्ण वाचावयाचे ठरविले, तर १,९६८ मूल्ये होतात. प्रत्येक प्रश्न आणि प्रत्येक उत्तर नव्वद बाइटांचे धरले, तरी पाच मिनिटांतून एकदा होणाऱ्या या वाचनाचा भार सेकंदास सरासरी दहा किलोबिटांच्या आतच राहतो.

खर्च येतो तो खेपांचा. जुन्या रीतीत एक मूल्य मागावयाचे, ते हाती पडेपर्यंत थांबावयाचे आणि मगच पुढचे मागावयाचे, असा क्रम असतो. अभिलेख-कक्षातून दोन हजार कागद हवे असता शिपायाला एकेका कागदासाठी स्वतंत्र खेप घालावयास लावावी, त्यातला हा प्रकार. स्विच त्याच इमारतीत असेल आणि एका खेपेस दोन मिलिसेकंद लागत असतील, तर चार सेकंदांत काम उरकते आणि कोणाची तक्रार येत नाही. खेप तीस मिलिसेकंदांची झाली की तेच काम मिनिटभर चालते. दुवा उपग्रहामार्फत असेल, तर भूस्थिर उपग्रह सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असल्याने जाण्यायेण्यास सहाशे मिलिसेकंद सहज लागतात, आणि तेवढ्याच वाचनास जवळजवळ वीस मिनिटे लागतात. दर पाच मिनिटांनी नवे वाचन सुरू होत असल्यास पहिले संपण्यापूर्वीच चौथे दाराशी येऊन उभे राहते. येथे कितीही बँडविड्थ विकत घेतली तरी उपग्रह खाली येत नाही.

यावरील तोड १९९३ सालीच, नियमावलीच्या दुसऱ्या आवृत्तीत, ‘गेटबल्क’ या नावाने आली. एका प्रश्नात पंचवीस मूल्ये मागितली, तर १,९६८ खेपांच्या जागी ७९ खेपा होतात, आणि उपग्रहमार्गावरचे वाचनही पाऊण मिनिटाच्या आसपास येते. तथापि लोभाने एकदम शेकडो मूल्ये मागू नयेत, कारण उत्तर पंधराशे बाइटांच्या मर्यादेपलीकडे गेले की त्याचे तुकडे होतात, आणि एक तुकडा गहाळ झाला तर सारे उत्तर बाद होते. कोणी तरी कोणे एके काळी पहिल्या आवृत्तीची सेटिंग भरून ठेवलेली असते आणि पुढचे सारे स्विच तिचीच नक्कल करून नोंदविलेले असतात. ही गोष्ट इतकी सार्वत्रिक आहे, की तपासाचा आरंभ मी येथूनच करीन.

दुसरा समज पिंगविषयीचा. स्विचच्या पत्त्यावर केलेल्या पिंगचे उत्तर उशिरा आले, म्हणजे त्यातून जाणारी सारी वाहतूकही रखडली, असा निष्कर्ष बेधडक काढला जातो. वस्तुतः एका पोर्टातून दुसऱ्या पोर्टाकडे पाकिटे पाठविण्याचे काम त्यासाठीच घडविलेली चिप करते, तर पिंगला किंवा एसएनएमपीला जबाब देणे हे लहानशा सीपीयूच्या वाट्यास येते, आणि तो अशा विचारपुशीस सर्वांत शेवटचा मान देतो. उत्तर विलंबाने येत असताना पोर्टांवरची वाहतूक पूर्ण वेगाने चालू असणे यात काहीच विसंगती नाही.

मग तो सीपीयू कशात गुंतला आहे, हे शोधावयाचे. सिस्कोच्या स्विचवर ‘शो प्रोसेसेस सीपीयू सॉर्टेड’ हा हुकूम दिला आणि ‘एसएनएमपी इंजिन’ ही ओळ यादीच्या माथ्यावर दिसली, तर दोष विचारणाऱ्याचा आहे असे बहुधा समजावे. यानंतर एकेक तक्ता निरनिराळा मागवून घड्याळ लावावे: पोर्टांची नावे तत्काळ येतात, वाहतुकीचे आकडे झटपट येतात, आणि एआरपी, मार्ग किंवा मॅक पत्त्यांच्या तक्त्याशी येताच गाडे अडते. नियमावलीनुसार उत्तरे क्रमांकाच्या चढत्या क्रमानेच द्यावी लागतात. स्विचच्या अंतरंगात मात्र मॅक पत्ते त्या क्रमाने साठविलेले नसल्याने ‘पुढचा कोणता?’ या प्रत्येक पृच्छेस सारा साठा पुन्हा चाळण्याची पाळी येऊ शकते. प्रकाशतंतूच्या मॉड्यूलांचे तापमान व प्रकाशशक्ती वाचणेही असेच सावकाश होते, कारण ही माहिती एका मंद अंतर्गत तारेवरून आणावी लागते. असे तक्ते दर पाच मिनिटांनी मागण्याचे प्रयोजन काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीतच नाही. ते दिवसातून एकदोनदा वाचावेत, किंवा स्विचवरच ‘व्ह्यू’ आखून त्यांना वगळावे.

‘पोलर वाढवा’, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्या प्रक्रियांची संख्या वाढवा, हा उपायही असाच लोकप्रिय आहे. स्विच शेकडो असतील तर तो रास्त. परंतु एकाच स्विचवर दहा बाजूंनी प्रश्न टाकले, तर तेथला सीपीयू त्यांना बहुतकरून रांगेतच उभे करतो. त्यात मुदत संपली की प्रश्न पुन्हा पाठविण्याची तजवीज असते. नेट-एसएनएमपी या साधनसंचाची मूळ सेटिंग एक सेकंदाची मुदत आणि पाच पुनःप्रयत्न अशी आहे, म्हणून एक निरुत्तर प्रश्न सहा सेकंद खातो, आणि संथ स्विचला तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारला जाऊन त्याचा भार वाढतो तो वेगळाच. बंद पडलेले स्विच यादीत तसेच ठेवणाऱ्यांनी हा हिशेब अवश्य करून पाहावा.

पाच मिनिटांचा शिरस्ता अपुरा वाटून तो एका मिनिटावर आणण्याचा आग्रह धरला जातो, त्यामागे कधीकधी निराळेच दुखणे असते. गिगाबिट पोर्ट पूर्ण वेगाने चालत असता बत्तीस बिटांचा गणक सुमारे चौतीस सेकंदांत भरून पुन्हा शून्यापासून सुरू होतो, त्यामुळे आलेखात वाहतूक अकारण घटलेली दिसते. मिनिटाचे अंतरही येथे तोकडेच पडते. चौसष्ट बिटांचे गणक वाचावयास घेतले की हा प्रश्न उरत नाही. तिसऱ्या आवृत्तीतील सांकेतिकीकरणाला दोष देऊन मागे फिरणारेही आढळतात. तिच्यात आरंभीच्या ओळखीची एखादी खेप अधिक पडते हे खरे, पण तेवढ्यासाठी परवलीचा शब्द उघड्यावर पाठविणाऱ्या जुन्या आवृत्तीकडे परतणे हा शहाणपणाचा सौदा नव्हे.

राहता राहिले नागपूरचे ऊन. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे गेला की देखरेखीचा विलंबही त्याच्याच माथी मारला जातो. तापल्याने स्विच विचारात पडून हळू बोलू लागत नाही. पंखे जोरात फिरतात, इशारे नोंदले जातात, पोर्टांवर सदोष पाकिटे वाढतात, आणि अति झाल्यास यंत्र स्वतःस बंद करून घेते. कित्येक स्विचांच्या माहितीपत्रकात सभोवतालच्या हवेची मर्यादा पंचेचाळीस अंशच दिलेली असते, हे ध्यानात घेता गारव्याची व्यवस्था हवीच. मात्र तेवढ्यासाठी स्विचच्या खोलीत वाळ्याचा कूलर लावण्याची जी वैदर्भीय चाल आहे, तिने तापमान उतरले तरी ओली हवा आणि धूळ थेट जोडण्यांवर जाते. त्यापेक्षा लहानसा एसी आणि दरमहा साफ केलेली जाळी स्वस्त पडते.