डोंगरावरील घरबांधणी आणि पायथ्याचे पाणी

पुणे जिल्ह्याच्या पश्चिम भागात, विशेषतः मावळ व मुळशी तालुक्यांत, डोंगरउतारावरील वरकस जमिनींची खरेदी-विक्री अलीकडच्या काळात फार वाढली आहे. ज्या माळावर पूर्वी नाचणी, वरई किंवा खुरासणी घेऊन पुढे जमीन काही वर्षे पडीक टाकीत असत, तेथे आज भूखंडांचे चुनखडीचे पट्टे व जेसीबीने काढलेले रस्ते दिसतात. खाली राहणाऱ्या ग्रामस्थांच्या मनात यामुळे जी काळजी उत्पन्न झाली आहे, ती आमच्यापुढे गावोगावच्या बैठकांत वारंवार मांडली जाते. ही काळजी कितपत रास्त आहे व तिच्यासंबंधी गावाला काय करता येण्यासारखे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. वरची जमीन विकणारा हाही बहुधा त्याच गावचा शेतकरी असतो. वरकस जमिनीचे उत्पन्न तुटपुंजे, मुलीचे लग्न किंवा आजारपण समोर उभे, अशा वेळी त्याने जमीन विकली तर त्याला दोष देण्यात अर्थ नाही. प्रश्न विक्रीचा नाही. विकलेल्या जमिनीवर पडणारे पावसाचे पाणी पुढे कोणत्या वाटेने जाते, हा खरा प्रश्न आहे.

सह्याद्रीचा डोंगर हा काळ्या पाषाणाच्या एकावर एक बसलेल्या थरांचा बनलेला आहे. काही थर कठीण व अभेद्य असतात, तर काही सच्छिद्र, भेगाळलेले किंवा मुरमाड असतात. पाऊस माती व मुरमातून झिरपत खाली जातो. वाटेत कठीण कातळ किंवा दोन थरांमधील लाल मातीचा पट्टा लागला की त्याची उभी गती थांबते व पाणी आडवे सरकू लागते. उतारावर ज्या ठिकाणी हा थर उघडा पडतो, तेथे झरा प्रकट होतो. म्हणजे झरा जेथे दिसतो तेथे त्याचा उगम नसतो. त्याचे पाणी वरच्या माळावर, कित्येकदा पुष्कळ अंतरावर, मुरलेले असते. झऱ्याभोवती दगडी टाके बांधले, कुंपण घातले, एवढ्याने झरा सुरक्षित झाला अशी समजूत कित्येक ग्रामपंचायतींची असते. ती बरोबर नाही.

रस्त्यासाठी डोंगर कापताना यंत्राने पाणी वाहून नेणारा हा थरच छेदला, तर पाणी कापलेल्या दरडीतून बाहेर पडते, रस्त्याच्या गटाराला लागते व ओढ्यात निघून जाते. पावसाळ्यात हे कोणाच्या ध्यानात येत नाही, कारण तेव्हा सर्वत्रच पाणी असते. परंतु दिवाळी झाल्यावरही दरडीचा अमुक एक भाग ओला राहत असेल, तेथे शेवाळ धरत असेल, तर तो खालच्या एखाद्या झऱ्याचा फुटलेला मार्ग असण्याचा संभव फार. एका वाडीतील वृद्ध बाईंनी हीच गोष्ट आम्हांस थोडक्यात सांगितली. “झरा आटला न्हाई साहेब, त्यो वरच्या रस्त्याव पळाला,” असे त्या म्हणाल्या. आम्ही चढून जाऊन पाहिले, तो खरोखरच रस्त्याकडेचे गटार डिसेंबरात वाहत होते. भूशास्त्राची पदवी घेतलेल्यालाही याहून नेमके निदान करता आले नसते.

आता वाहून जाणाऱ्या पाण्याचा हिशेब पाहू. एक गुंठा क्षेत्रावर १०० मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे सुमारे १०,००० लिटर पाणी पडते. घाटमाथ्यालगतच्या गावांत जुलै महिन्यात एका दिवसात इतका पाऊस होणे मुळीच नवलाचे नाही. दहा एकरांचा माळ घेतला तर त्या एका दिवसाचे पाणी ४० लाख लिटर होते. माळावर गवत, करवंदीची जाळी, हिरडा-जांभळाची झाडे असतील तर यातील काही भाग मुरतो व उरलेला सावकाश वाहतो. तेथे छपरे, सिमेंटचे रस्ते व फरसबंद अंगणे झाली की त्यांवरील बहुतेक सर्व पाणी तत्काळ खाली सुटते, व तेही एका-दोन मोऱ्यांतून एकवटून. भात-खाचरांचे बांध एवढा लोंढा पेलण्यासाठी घातलेले नसतात. बांध फुटतो, लावलेले भात गाडले जाते आणि खाचरात मुरमाचा थर बसतो. हा मुरूम पुढील नांगरणीपूर्वी काढून टाकला नाही तर तो मातीत मिसळतो व खाचराची पाणी धरून ठेवण्याची शक्ती कमी होते. नुकसान एका हंगामाचे राहत नाही, ते असे.

यांत एक दुःखाची गोष्ट अशी की, पुष्कळ माळांवर सार्वजनिक पैशांतून सलग समतल चर खोदलेले होते. जमीन सपाट करताना ते बुजविले गेले. चर खोदण्याच्या दिवशी नारळ फोडला जातो, बुजविण्याच्या दिवशी कोणी विचारीत नाही.

मोठ्या प्रमाणावरील उदाहरण म्हणून मुळशी तालुक्यातील लवासा वसाहतीचा उल्लेख करावा लागेल. थंड हवेच्या ठिकाणी वसाहती उभारण्यासंबंधी राज्य शासनाने १९९६ मध्ये केलेल्या खास नियमांच्या आधारे मोसे नदीच्या खोऱ्यात, वरसगाव जलाशयाच्या काठी ही वसाहत उभी राहिली. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नोव्हेंबर २०१० मध्ये काम थांबविण्याची नोटीस बजावली व नोव्हेंबर २०११ मध्ये अटींसह परवानगी दिली. स्थानिक शेतकरी व आदिवासी यांच्या जमिनींचा प्रश्न, डोंगरकाप, आणि जलाशयाच्या वरच्या अंगास बांधलेले बंधारे हे वादाचे मुख्य विषय होते. वरसगावची साठवण-क्षमता सुमारे १२.८ अब्ज घनफूट आहे व खडकवासला साखळीतील धरणांपैकी ते एक असल्याने पुणे शहराचे पिण्याचे पाणी व खालील कालव्यांवरील शेती या खोऱ्याशी जोडलेली आहे. यावरून डोंगरावरील वाडीची तक्रार ही केवळ वाडीची नसते, हे दिसून येईल. २०१८ मध्ये त्या कंपनीचे प्रकरण दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेले. डोंगर मात्र कापला गेला तो कापलेलाच आहे.

नियमांपैकी दोन गोष्टी गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, एकास पाच याहून तीव्र उतारावर बांधकाम करण्यास राज्याच्या विकास नियंत्रण नियमांत मनाई आहे. हा उतार मोजण्यास कोणतेही महागडे उपकरण लागत नाही. पाच फूट लांबीची सरळ पट्टी घेऊन तिचे एक टोक चढाच्या बाजूस जमिनीवर टेकवावे. पट्टी सपाट आहे की नाही हे तिच्यावर आडवी ठेवलेल्या अर्ध्या भरलेल्या बाटलीतील पाण्यावरून पाहावे. मग उताराकडील टोक जमिनीपासून किती उंच आहे ते मोजावे. एक फुटाहून अधिक भरल्यास उतार एकास पाचहून तीव्र समजावा. एकाच जागी न मोजता दहा-बारा ठिकाणी मोजून नोंद करावी. दुसरी, २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकाम क्षेत्राच्या प्रकल्पास पर्यावरण-मंजुरी घ्यावी लागते. लहान तुकड्यांत मांडलेल्या योजना या मर्यादेच्या आत राहतात, आणि आपल्या भागातील बऱ्याचशा योजना अशाच आहेत. त्यामुळे मंजुरीच्या अटींवर विसंबून न राहता ग्रामसभेनेच आपल्या मागण्या लेखी स्वरूपात ठेवाव्यात.

मागण्या कोणत्या असाव्यात? जून ते सप्टेंबर या काळात मातीकाम करू नये. डोंगर कापण्यापूर्वी वरची माती वेगळी साठवून काम संपताच पुन्हा पसरावी. ओढ्या-ओहोळांच्या काठची झाडी तोडू नये व डबर ओढ्यात लोटू नये. गटाराचे पाणी ओढ्यात सोडण्यापूर्वी गाळ बसण्यासाठी खड्डे करावेत आणि ते प्रत्येक मोठ्या पावसानंतर उपसावेत. उघड्या दरडीवर वाळ्याची लागवड करावी. छपराचे पाणी टाक्यांत साठवावे, म्हणजे कूपनलिकेवरील भारही हलका होतो. झऱ्याच्या वरच्या अंगास खोल कूपनलिका घेण्याचा बेत असेल तर आधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाकडे लेखी विचारणा करावी. शौचालयांचे शोषखड्डे उथळ मातीत व कातळालगत असल्यास घाण पाणी त्याच भेगांतून खालच्या विहिरीत उतरते. अशा विहिरीचे पाणी पावसाळ्यापूर्वी व नंतर प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. बांधकाम करणारे सर्वच गृहस्थ हटवादी असतात असा आमचा अनुभव नाही. पुष्कळांना खाली झरा आहे हेच ठाऊक नसते.

मात्र मागणीला आकड्यांचा आधार नसला तर ती टिकत नाही. “पूर्वी पुष्कळ पाणी होते” असे म्हणून भागत नाही, किती होते हे विचारले जाते. म्हणून डोंगरावर काम सुरू होण्यापूर्वीच झऱ्याची मोजणी सुरू करावी. टाक्याच्या तोंडाशी पन्हळ लावून त्याखाली माप माहीत असलेली बादली धरावी व भरण्यास लागणारा वेळ घड्याळावर पाहावा. तीन वेळा मोजून सरासरी काढावी. १२ लिटरची बादली ४० सेकंदांत भरली तर झरा मिनिटाला १८ लिटर, म्हणजे दिवसाला सुमारे २६,००० लिटर पाणी देतो. माणशी ५५ लिटर धरल्यास हे ४७० माणसांचे पाणी झाले. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पहिली मोजणी करून ती दर पंधरवड्यास मेअखेरपर्यंत चालू ठेवावी. तारीख, वेळ, सेकंद व मोजणाऱ्याची सही एका वहीत लिहावी, आणि प्रत्येक महिन्याच्या पानाचे छायाचित्र ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवावे. शाळेतील वरच्या वर्गाची मुले हे काम उत्तम करतात.